स्टेरॉइडची मिश्र मलमं सुरक्षितपणे कशी वापरावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसबात पू झाला, जांघेत लाल चट्टा उठला, बाळाला डायपरखाली पुरळ आलं, की अनेकदा स्टेरॉइड आणि जंतूंवरचं औषध एकत्र असलेलं मलम हातात पडतं. निदान पक्कं असेल आणि मलम मोजके दिवस लावलं, तर त्याचा गुण लवकर येतो. निदानाचा पत्ता नसताना लावलं, तर तेच मलम आजार लपवतं आणि महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवतं. ज्यांना असं मलम लिहून दिलंय आणि ज्यांच्या कपाटात अशी एखादी ट्यूब आधीपासून पडून आहे, त्या दोघांसाठी ही प्रश्नोत्तरं. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर ते पाळा. त्यांनी तुमची त्वचा पाहिलेली असते.

मिश्र मलम म्हणजे नेमकं काय?

एकाच ट्यूबमधली दोन किंवा तीन औषधं. त्यातलं एक स्टेरॉइड असतं. दुसरं जिवाणूंवरचं प्रतिजैविक किंवा बुरशीवरचं औषध असतं, आणि काही मलमांत तिन्ही असतात. नेहमी दिसणाऱ्या जोड्या अशा: हायड्रोकॉर्टिसोन आणि मायकोनाझोल, बीटामेथासोन आणि फ्युसिडिक अ‍ॅसिड, बीटामेथासोन आणि क्लोट्रिमाझोल, बीटामेथासोन आणि जेंटामायसिन किंवा निओमायसिन. तिघांचं मिश्रण म्हणजे उदाहरणार्थ क्लोबेटासोन, ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि निस्टॅटिन.

ट्यूबवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं दिलेलं असतं. ते बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात दिलेली औषधांची नावं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असेल (बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन), तर बहुतेक वेळा ते स्टेरॉइड असतं. सगळ्या स्टेरॉइडची नावं अशी संपत नाहीत, त्यामुळे शंका आली तर औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. “यात स्टेरॉइड आहे का?” एवढा प्रश्न पुरतो.

जंतुसंसर्ग असताना स्टेरॉइड कशाला? त्यानं तर प्रतिकारशक्ती कमी होते ना?

शंका रास्त आहे. स्टेरॉइड कुठल्याही जंतूला मारत नाही. ते दाह शमवतं, म्हणजे लाली, सूज आणि खाज कमी करतं, आणि त्यासाठी त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणूनच नुसत्या संसर्गावर ते लावायचं नसतं.

इसबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. इसबात त्वचेचा संरक्षक थर आधीच फाटलेला असतो. खाजवल्यानं तो आणखी उसवतो आणि ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या जिवाणूला आत शिरायला वाट मिळते. जिवाणू वाढले की दाह वाढतो, दाह वाढला की खाज वाढते, आणि पुन्हा नखं चालतात. हे चक्र तोडायला दाह शमवावाच लागतो. किंबहुना दाह आटोक्यात येऊन त्वचा सांधली की जिवाणूंची संख्याही बरीच घटते, आणि हे नुसत्या स्टेरॉइडनंही घडतं. त्यामुळे ओल्या, चिघळलेल्या इसबाच्या लहानशा भागावर थोडे दिवस दोन्ही औषधं एकत्र देण्यात अर्थ आहे.

मग कोणत्या आजारांत ही मलमं खरोखर उपयोगी पडतात?

मर्यादित जागेत जंतुसंसर्ग झालेलं इसब हे पहिलं. स्तनांखाली, काखेत किंवा पोटाच्या वळीत ओल धरून कँडिडा बुरशी वाढते आणि त्वचा लालभडक होते, तिथं सौम्य स्टेरॉइड आणि बुरशीरोधक एकत्र दिलं जातं. भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागं येणाऱ्या तेलकट खवल्यांच्या आजारातही (डोक्यातला कोंडा याच कुळातला) हायड्रोकॉर्टिसोन आणि मायकोनाझोलसारखी जोडी थोडे दिवस चालते. फार सुजलेल्या, आग होणाऱ्या चिखल्यांवर काही डॉक्टर सुरुवातीचे मोजके दिवस मिश्र मलम देतात आणि नंतर साध्या बुरशीरोधकावर आणतात.

यादी इतकीच आहे. मिश्र मलमं जेवढ्या गोष्टींवर लावली जातात, त्या मानानं ती फारच लहान आहे.

इसबात खरंच संसर्ग झालाय की ते नुसतं भडकलंय, हे कसं ओळखायचं?

संसर्गाच्या खुणा म्हणजे पिवळसर, मधाच्या रंगाच्या खपल्या, पू भरलेले फोड, सतत पाझरणारी लस, हाताला लागणारी ऊब, आणि खाजेपेक्षा दुखणं वाढणं. आटोक्यात असलेलं इसब एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं किंवा नेहमीच्या मलमाला दाद देईना, तरी संसर्गाचा विचार करावा. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. ती जांभळट, राखाडी किंवा नुसती अधिक गडद दिसते, त्यामुळे तिथं रंगापेक्षा सूज, ऊब आणि दुखणं यांवर लक्ष ठेवा.

हेही माहीत असावं की इसब असलेल्या बहुतेकांच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस एरवीही वस्तीला असतो. तपासणीत तो सापडला म्हणून लगेच प्रतिजैविक लागतंच असं नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, रुग्णाची एकूण तब्येत चांगली असेल तर संसर्ग झालेल्या इसबावरही प्रतिजैविक सरसकट देऊ नये. मॉइश्चरायझर आणि साधं स्टेरॉइड हे मुख्य उपचार नीट चालू ठेवावेत. मला हे मार्गदर्शन पटतं. अनेकदा मिश्र मलमाची गरजच नसते, नेहमीचं मलम पुरेसं आणि नियमित लावण्याची असते.

गजकर्णावर मिश्र मलम लावलं की दोन दिवसांत आराम पडतो. मग ते लावू नका असं का म्हणतात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार आहे. त्याची लाली आणि खाज आपल्या शरीराच्या प्रतिकारातून येते. बुरशीशी लढताना त्वचा सुजते. स्टेरॉइड तो प्रतिकार दाबतं. खाज थांबते, लाली ओसरते, कडेचं उंचवट्याचं गोल कडं पुसट होतं आणि माणसाला वाटतं की गुण आला. बुरशी मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखी तशीच असते आणि आता तिला अडवणारं कुणी नसतं. मलम थांबवल्यावर चट्टा पुन्हा उठतो, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. असे काही महिने गेले की जांघेतलं गजकर्ण कमरेवर आणि मांड्यांवर पोचलेलं असतं.

स्टेरॉइडमुळे रूप बदललेल्या या नायट्याचं वर्णन वैद्यकीय साहित्यात १९६८ मध्ये ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेला नायटा, या नावानं झालं. गोल कडं नाही, खवले नाहीत, एकात एक वर्तुळं किंवा मुरमांसारखे दाणे. अनुभवी डॉक्टरही तिथं गोंधळू शकतात.

मलमात क्लोट्रिमाझोलही आहे, मग बुरशी मरत का नाही? कारण मलम लावण्याचा कालावधी खाज ठरवते. स्टेरॉइडमुळे खाज तिसऱ्या दिवशी जाते आणि मलमही तिथंच सुटतं. बुरशी पूर्ण जायला मात्र काही आठवडे नियमित औषध लागतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही थोडे दिवस. आणि कालावधी वाढवायचा म्हटलं तर मलमातलं स्टेरॉइड जांघेसारख्या नाजूक जागी तितके आठवडे चालत नाही. अमेरिकेतल्या बीटामेथासोन-क्लोट्रिमाझोलच्या माहितीपत्रकात मर्यादा स्पष्ट दिल्या आहेत: जांघेत आणि अंगावर २ आठवडे, पायावर ४ आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त ४५ ग्रॅम क्रीम, आणि १७ वर्षांखालच्यांना शिफारस नाही.

त्यात आता ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ नावाची बुरशी अनेक देशांत आढळते आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. असा नायटा बरा करणं मुळात अवघड, आणि स्टेरॉइड लावून तो पसरवला की आणखी अवघड.

म्हणून साध्या गजकर्णावर साधं बुरशीरोधक मलमच लावा. चट्टे बरेच असतील, केसांत किंवा नखांत बुरशी असेल, किंवा मलमानं ती हटत नसेल, तर डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. खात्री नसेल तर त्वचेवरचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. तपासणी साधी आहे, जवळपास दुखत नाही, आणि निदानाचं उत्तर देऊन जाते.

ट्यूबमध्ये ‘जंतूंवरचं औषध’ आहे, म्हणजे ते सगळ्या जंतूंवर चालतं का?

नाही. फ्युसिडिक अ‍ॅसिड मुख्यतः स्टॅफिलोकोकसवर चालतं. बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. जेंटामायसिन आणि निओमायसिन हीसुद्धा जिवाणूंवरचीच. निस्टॅटिन कँडिडावर चालतं, पण गजकर्णाच्या बुरशीवर चालत नाही. क्लोट्रिमाझोल आणि मायकोनाझोल कँडिडा आणि गजकर्ण दोन्हींवर चालतात. विषाणूंवर यातलं काहीच चालत नाही आणि खरजेच्या किड्यावरही नाही. म्हणजे गजकर्णावर बीटामेथासोन आणि निओमायसिनचं मलम लावणारा माणूस त्यावर नुसतं स्टेरॉइडच लावत असतो.

आणखी कशावर ही मलमं लावू नयेत?

मुरूम, तोंडाभोवतीचं दाणेदार पुरळ आणि गालांवरची कायमची लाली असणारा रोझेशिया, हे सगळे स्टेरॉइडनं बिघडतात. हर्पीस, नागीण आणि कांजिण्यांचे फोड विषाणूंचे असतात, तिथंही नको. खरजेवर लावलं तर खाज दबते आणि खरूज घरभर पसरत राहते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतले दाणे आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तसाच त्रास, हे दिसलं तर आधी खरजेचा विचार करा. उघड्या जखमा, भाजलेली जागा, पायावरचे जुने व्रण यांवर लावू नका. लहान मुलांना नाका-तोंडाभोवती येणारे इम्पेटिगोचे फोड हा जिवाणूंचा संसर्ग आहे, त्याला स्टेरॉइडची गरज नसते.

त्वचा उजळवण्यासाठी तर कधीच नाही.

ट्यूबवर ०.०५ टक्के लिहिलंय. म्हणजे औषध सौम्यच ना?

टक्केवारीवरून ताकद कळत नाही, आणि इथं फार लोक फसतात. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे, तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल प्रोपियोनेट हे त्वचेवर लावायच्या सगळ्यात तीव्र स्टेरॉइडपैकी एक. प्रत्येक स्टेरॉइडचा रेणू वेगळा, त्याचा जोर वेगळा.

ढोबळमानानं चार पायऱ्या धरतात. सौम्य पायरीवर हायड्रोकॉर्टिसोन, मध्यम पायरीवर ०.०५ टक्के क्लोबेटासोन ब्युटिरेट, तीव्र पायरीवर ०.१ टक्के बीटामेथासोन व्हॅलेरेट आणि ०.१ टक्के मोमेटासोन फ्युरोएट, आणि अतितीव्र पायरीवर ०.०५ टक्के क्लोबेटासोल प्रोपियोनेट. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल या नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि ताकदीत दोन पायऱ्यांचा. घेताना नाव अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहा.

किती लावायचं? डॉक्टर नुसतं “पातळ थर” म्हणतात.

त्यासाठी बोटाचं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. नेहमीच्या ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून येणारी ही रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला (बोटांसकट) पुरते. हे माप १९९१ पासून प्रचलित आहे.

समजा दोन्ही कोपरांच्या खोबणीत तळव्याएवढा एकेक चट्टा आहे. दोन्हींना मिळून एका वेळी एक रेघ पुरेल. दिवसातून दोनदा लावलं तर दिवसाला १ ग्रॅम, आठवड्याला ७ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब याहून फार लवकर संपत असेल तर जास्त लागतंय. ती महिनाभर तशीच दिसत असेल तर कमी लागलंय, आणि कमी लावल्यानंही आजार रेंगाळतो.

मुलांसाठीही रेघ मोठ्यांच्या बोटावरच काढा आणि जागाही मोठ्यांच्या तळव्यानंच मोजा. मलम फक्त आजारी जागेवर लावा, आसपासच्या निरोगी त्वचेवर “खबरदारी म्हणून” नको. लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. हातावरच लावलं असेल तर नंतर धुवू नका.

दिवसातून किती वेळा आणि किती दिवस?

बहुतेक मिश्र मलमं दिवसातून दोनदा लावायची असतात. जास्त वेळा लावल्यानं गुण वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढू शकतात.

प्रतिजैविक असलेलं मलम साधारण ७ दिवस आणि फार तर १४ दिवस. याचं एक कारण स्टेरॉइड आहे, दुसरं प्रतिजैविक. त्वचेवर पुन्हा पुन्हा लावलेल्या फ्युसिडिक अ‍ॅसिडमुळे जिवाणूंमध्ये प्रतिकार तयार होतो आणि पुढच्या खेपेला ते औषध कुचकामी ठरतं. संसर्ग गेला पण इसब उरलं असेल, तर डॉक्टर साध्या स्टेरॉइडवर आणि मॉइश्चरायझरवर आणतात. मिश्र मलम हे नेहमीच्या वापराचं औषध नव्हे, हे ज्याला उमगलं त्यानं अर्धी लढाई जिंकली.

ट्यूबवर सुरू केल्याची तारीख पेननं लिहून ठेवा. माझा या साध्या सवयीवर फार विश्वास आहे. “थोडेच दिवस झाले” असं वाटत असताना महिना उलटलेला असतो.

आठवडाभर लावूनही फरक नाही. जास्त ताकदीचं घ्यावं का?

स्वतःहून नको. आधी डॉक्टरांना पुन्हा दाखवा, कारण फरक न पडण्याची कारणं वेगवेगळी असतात. निदानच चुकलेलं असू शकतं. जिवाणू त्या प्रतिजैविकाला दाद देत नसेल, तर जागेवरच्या स्रावाची तपासणी करून औषध बदलावं लागतं. आणि एक कारण सहज निसटतं: मलमातल्याच एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी. निओमायसिनची अ‍ॅलर्जी बरीच आढळते, शिवाय क्रीम टिकवण्यासाठी घातलेल्या घटकांची आणि क्वचित स्टेरॉइडचीही असू शकते. अशा वेळी सोबतचं स्टेरॉइड अ‍ॅलर्जीचं पुरळ अर्धवट दाबून ठेवतं, त्यामुळे ना धड बरं होत, ना धड वाढत. पॅच टेस्ट (संशयित घटक त्वचेवर चिकटवून अ‍ॅलर्जी पाहण्याची तपासणी) केल्यावर उलगडा होतो.

चेहऱ्यावर लावलं तर चालेल?

डॉक्टरांनी चेहऱ्यासाठी म्हणूनच सांगितलं असेल तर, सौम्य स्टेरॉइडचं, आणि सांगितले तेवढेच दिवस. एरवी नाही.

अंगावरची त्वचा सगळीकडे सारखी नसते. १९६७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात हायड्रोकॉर्टिसोन कुठून किती शोषलं जातं हे मोजलं गेलं. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूचं शोषण १ धरलं, तर कपाळातून ते ६ पट, जबड्याच्या कडेतून १३ पट आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ पट निघालं. तळपायातून मात्र जेमतेम एक सप्तमांश. जे मलम पायावर बेताचं ठरतं, तेच जबड्यावर जबर ठरतं, ते यामुळे.

तीव्र स्टेरॉइड चेहऱ्यावर रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमांसारखे दाणे उठतात, लव वाढते. मग मलम थांबवलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. पापण्यांवर बराच काळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. चेहऱ्यावर आधीपासून असं मलम चालू असेल तर घाबरून एकदम फेकून देण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना गाठा, ते कसं उतरवायचं हे ठरवून देतात.

जांघेत आणि काखेत?

तिथं त्वचा त्वचेला चिकटून राहते, घाम अडकतो आणि मलम जणू पट्टीखाली दाबल्यासारखं आत मुरतं. तीव्र मलमानं तिथं काही आठवड्यांतच ताणल्यासारखे जांभळट पट्टे उमटू शकतात. त्यांचा रंग पुढे फिकट होतो, पण पट्टे जात नाहीत. या जागांसाठी सौम्य स्टेरॉइड आणि कमी दिवस हाच नियम. जागा कोरडी ठेवणं आणि घामाचे कपडे लगेच बदलणं हाही उपचाराचाच भाग आहे. जननेंद्रियांजवळ लावलेल्या तेलकट मलमांनी लेटेक्सचे कंडोम कमकुवत होतात, तेही लक्षात असू द्या.

लहान मुलांना द्यावं का? डायपरखालच्या पुरळावर?

मुलांच्या वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे तेवढंच मलम त्यांच्या रक्तात जास्त जातं. तीव्र स्टेरॉइड मोठ्या भागावर बरेच दिवस लावल्यास शरीरात नैसर्गिकपणे बनणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक दबू शकतं आणि वाढीवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टर बाळांना सहसा सौम्य स्टेरॉइडच देतात.

डायपरखालची जागा बंद आणि ओली असते, म्हणजे शोषण आणखी वाढतं. साध्या पुरळाला वारंवार डायपर बदलणं, काही वेळ मोकळं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचं संरक्षक मलम पुरतं. लाल चट्ट्याच्या आसपास सुटे सुटे लाल ठिपके दिसले आणि मांडीच्या वळीतही लाली असली, तर कँडिडाची शक्यता असते आणि बुरशीरोधक मलम लागतं. आग फारच असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन असलेलं मिश्र मलम मोजके दिवस देतात. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचं मलम डायपरखाली लावू नका, मग ते घरात कुणासाठीही आणलेलं असो.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना?

सौम्य आणि मध्यम स्टेरॉइड गरजेपुरती वापरता येतात. तीव्र स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात वापरलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे, म्हणून ते टाळतात किंवा थोडक्यात आटोपतात. जोडीच्या औषधाबद्दलही डॉक्टरांना विचारा. स्तनाग्रावर लावलं असेल तर पाजण्यापूर्वी हलक्या हातानं पुसून धुवा.

मॉइश्चरायझर आधी लावायचं की मलम?

क्रम कोणताही चालेल, मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. नाहीतर मलम पातळ होतं आणि नको तिथं पसरतं. डबीतलं मॉइश्चरायझर बोटांनी न काढता स्वच्छ चमच्यानं काढा, म्हणजे जंतू डबीत जात नाहीत. पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत मुरली की कापड पटकन पेट घेतं, त्यामुळे आगीजवळ जपा.

क्रीम घ्यावं की ऑइंटमेंट? वरून पट्टी बांधावी का?

ओल्या, पाझरणाऱ्या जागेला क्रीम. कोरड्या, जाड, भेगाळलेल्या जागेला ऑइंटमेंट. संसर्ग असताना हवाबंद पट्टी बांधू नका, जंतूंना ऊब मिळते आणि स्टेरॉइडचं शोषण कितीतरी वाढतं.

मलम लावल्यावर त्वचेवर फिकट डाग पडले. स्टेरॉइडमुळेच ना?

कधी हो, पण बरेचदा नाही. इसब बरं होताना मागे फिकट किंवा गडद डाग राहतात आणि ते काही महिन्यांत हळूहळू भरून येतात. स्टेरॉइडमुळेही रंग उतरू शकतो, विशेषतः तीव्र मलम बरेच दिवस लावल्यावर. सोबत त्वचा चकचकीत आणि पातळ झाली असेल, खालच्या शिरा दिसत असतील किंवा जरा लागलं तरी काळंनिळं पडत असेल, तर मलमाकडे बोट जातं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

मलम बंद केलं की सगळं पुन्हा उसळतं. मग बंद तरी कसं करायचं?

एक-दोन आठवडेच लावलं असेल तर सरळ थांबवता येतं. अनेक महिने तीव्र मलम लावलेल्यांना मात्र थांबवल्यावर आधीच्या आजारापेक्षा वेगळाच त्रास होऊ शकतो: पसरलेली लाली, खाजेपेक्षा जळजळ जास्त, सोलवटणारी त्वचा. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०२१ मध्ये या त्रासाबद्दल इशारा दिला होता. अशा वेळी डॉक्टर टप्प्याटप्प्यानं मलमाची ताकद किंवा वारंवारता कमी करतात. उसळलं की मूळचा आजार परतलाय, संसर्ग राहिलाय, की हा थांबवल्याचा त्रास आहे, हे तपासून ठरवावं लागतं.

एवढे धोके आहेत तर स्टेरॉइड न लावलेलंच बरं ना?

नाही, आणि हे मी तितक्याच कळकळीनं सांगते. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर उपयोगी पडतं हे १९५२ मध्ये दाखवलं गेलं आणि इसबाच्या रुग्णांचं जगणं बदललं. भीतीपोटी मलम न लावता रात्र-रात्र खाजवणारं मूल झोपेला मुकतं, त्याची त्वचा जाड होते आणि पुन्हा पुन्हा पिकते. वर सांगितलेलं बहुतेक नुकसान चुकीच्या जागी, चुकीच्या आजारावर किंवा फार काळ लावल्यानं होतं. योग्य ताकदीचं मलम ठरलेले दिवस लावणारी व्यक्ती सहसा यातल्या कशालाही सामोरी जात नाही.

मागच्या वेळची अर्धी ट्यूब उरलीय. पुन्हा तसंच काही उठलं तर लावू?

तसंच दिसणारं पुरळ तोच आजार असेलच असं नाही. मुदत पाहा, उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं हे माहितीपत्रकात वाचा, आणि तरीही आधी विचारा. दुसऱ्याला लिहून दिलेलं मलम आपण लावू नका आणि आपलं दुसऱ्याला देऊ नका.

तातडीनं डॉक्टरांकडे कधी जायचं?

इसबावर अचानक एकसारखे, दाटीनं आलेले छोटे फोड किंवा टोचून काढल्यासारखे गोल खड्डे दिसले, खूप दुखू लागलं, ताप आला, तर तो हर्पीसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्यावर विषाणूरोधक औषध त्याच दिवशी सुरू व्हावं लागतं. डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो. तोवर मिश्र मलम लावू नका. लाली तासागणिक पसरत असेल, जागा टणक आणि गरम झाली असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा बाळ मलूल झालं असेल, तर मलमाचा विषय संपला. लगेच दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी पायावरचा संसर्ग एक दिवसही अंगावर काढू नये.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा. कुणी सुचवलं आणि किती दिवस लावलं, हे संकोच न करता सांगा. सुरुवातीला पुरळ कसं होतं याचा फोटो असेल तर फार उपयोग होतो, कारण स्टेरॉइडनं मूळ रूप पुसलेलं असतं. घरात इतर कुणाला खाज आहे का तेही सांगा. बुरशीची तपासणी व्हायची असेल तर आधी काही दिवस मलम थांबवायचं का, हे वेळ ठरवतानाच फोनवर विचारून घ्या.